डॅशबोर्डवरचे आकडे दर आठवड्याला जुळत नाहीत: चूक कुठे शोधायची

मेटाचा (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचा) ॲड्स मॅनेजर म्हणतो, गेल्या आठवड्यात ९० ऑर्डर आल्या. गूगल ॲड्स म्हणतं ७०. जीए४मध्ये (गूगल ॲनालिटिक्स ४, वेबसाइटवरच्या भेटी आणि खरेद्या मोजणारं साधन) सगळ्या मार्गांनी मिळून १२० खरेद्या दिसतात. दुकानाच्या ऑर्डर बुकात १३५ ऑर्डर आहेत आणि त्यातल्या काही जाहिरातीशी संबंध नसलेल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या आहेत. लुकर स्टुडिओत (गूगलचं आलेख आणि अहवाल बनवायचं साधन) बांधलेल्या डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात १६० झळकतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, "यातला खरा आकडा कोणता?" अर्धी मीटिंग त्यातच जाते, कोणीतरी कुठलंतरी फिल्टर बदलतं, तेवढ्यापुरतं समाधान होतं आणि पुढच्या सोमवारी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

ज्यांच्या जाहिराती मेटा आणि गूगलवर चालतात, वेबसाइटवर जीए४ आहे आणि डॅशबोर्ड लुकर स्टुडिओत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पॉवर बीआय वापरणाऱ्यांनाही बराचसा भाग लागू पडेल, कारण गोंधळ चित्र काढणाऱ्या साधनात क्वचितच असतो. तो आकडे मोजण्याच्या आणि जोडण्याच्या पद्धतीत असतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. हे पाचही आकडे एकसारखे कधीच येणार नाहीत, आणि ते एकसारखे करायचा प्रयत्न करूही नये. वरच्या १६०चंच बघा. ते मेटाचे ९० आणि गूगलचे ७० मिळवून आलेत. एखाद्या बाईंनी इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहून क्लिक केलं, दोन दिवसांनी गूगलवर नाव शोधून पुन्हा जाहिरातीतूनच आल्या आणि खरेदी केली, तर ती एक ऑर्डर दोघंही आपापल्या खात्यात धरतात. मेटाला गूगलचं क्लिक दिसत नाही, गूगलला मेटाचं दिसत नाही. म्हणून वेगवेगळ्या जाहिरात मंचांची कन्व्हर्जन (जाहिरातीच्या खात्यात धरलेल्या खरेद्या) एकत्र मिळवून स्कोअरकार्डवर, म्हणजे मोठ्या अक्षरातल्या आकड्याच्या चौकटीत, लावायची नाहीत. तसा चार्ट असेल तर बाकी काही तपासण्याआधी तो काढून टाका.

मग शोधायचं काय? बाजारात प्रत्येक तराजूला थोडाफार पासंग असतो. तो रोज तेवढाच असेल तर हिशेब लावता येतो, आज एक आणि उद्या दुसरा असेल तर तो तराजू बाजूला ठेवावा लागतो. आकड्यांमधल्या तफावतीचंही तसंच आहे. ती किती आहे यापेक्षा ती दिवसागणिक कशी वागते हे महत्त्वाचं. निदान तिथूनच होतं.

पहिलं काम: तफावतीचाच आलेख काढा

एक गूगल शीट घ्या. पहिल्या रकान्यात तारीख, पुढच्या चार रकान्यांत ऑर्डर बुक, जीए४, मेटा आणि गूगल ॲड्स यांचे रोजचे आकडे. निदान दोन महिन्यांचे, तीन मिळाले तर उत्तम. हे आकडे डॅशबोर्डवरून उचलू नका, प्रत्येक साधनाच्या स्वतःच्या स्क्रीनवरून काढा. नाहीतर ज्याची तपासणी करायची त्याचीच साक्ष घेतल्यासारखं होईल. आता जीए४ला ऑर्डर बुकाने भागा, मेटाला ऑर्डर बुकाने भागा, गूगलला भागा. या तीन गुणोत्तरांचा रेषालेख काढा.

ऑर्डर बुक मधोमध ठेवण्याचं कारण साधं आहे. पैसे तिथे जमा होतात, पार्सल तिथून निघतं. बाकी तिन्ही साधनं त्या घटनेचा आपापल्या जागेवरून अंदाज घेतात.

आता रेषेचा आकार बघा. जवळपास प्रत्येक तक्रार पुढच्या पाचांपैकी एका आकारात बसते, आणि काही वेळा दोन आकार एकमेकांवर चढलेले असतात.

रेषा सपाट आहे, पण एकच्या खाली किंवा वर

जीए४ रोज ऑर्डर बुकाच्या ०.८५च्या आसपास राहतं, समजा. ही बिघाडाची खूण नाही. काही लोक जाहिरात अडवणारी एक्स्टेन्शन वापरतात. काही गिऱ्हाइकं यूपीआयने पैसे भरायला फोनवरच्या दुसऱ्या ॲपमध्ये जातात आणि पैसे गेले की ब्राउझरकडे परत येतच नाहीत, त्यामुळे आभाराचं पान उघडत नाही आणि खरेदीची नोंदही होत नाही. फोनवरून घेतलेल्या आणि व्हॉट्सॲपवर ठरलेल्या ऑर्डर तर जीए४ला कधीच कळत नाहीत. यूपीआयचा वाटा मोठा असेल तर पेमेंट यशस्वी झाल्याचा निरोप सर्व्हरवरून जीए४ला पाठवायची सोय डेव्हलपरकडून करून घ्या. त्याने ही दरी बरीच भरून निघते.

मेटाची रेषा जीए४मधल्या मेटाच्या वाट्यापेक्षा कायम वर राहते, यालाही ठरलेलं कारण आहे. मेटाचा नेहमीचा हिशेब क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतर १ दिवस असा असतो. जाहिरात पाहिली, क्लिक केलं नाही आणि संध्याकाळी थेट वेबसाइटवर जाऊन खरेदी केली, तरी ती मेटाच्या खात्यात जमा होते. जीए४ला मेटावर जाहिरात नुसती दिसल्याचं कळायला मार्गच नाही. ॲड्स मॅनेजरमध्ये रकाने निवडण्याच्या जागी ॲट्रिब्युशनची (खरेदीचं श्रेय कशाला द्यायचं त्या पद्धतींची) तुलना करायचा पर्याय आहे. तिथून क्लिकचे आणि पाहिल्याचे आकडे वेगळे करून बघा. डॅशबोर्डवर मेटाचे फक्त क्लिकवाले आकडे घ्यावेत असं माझं मत आहे. नुसत्या पाहण्याचं श्रेय खोटं असतं असं नाही, पण दुसऱ्या मंचांशी तुलना करताना त्याने मोजमाप बिघडतं.

गूगल ॲड्समध्ये ०.४ किंवा १.७ अशी अपूर्णांकातली कन्व्हर्जन दिसली तर घाबरू नका. डेटा ड्रिव्हन पद्धतीत एकाच खरेदीचं श्रेय अनेक क्लिकमध्ये वाटलं जातं. आणि जीए४मधून लुकर स्टुडिओत सोर्स (माणूस कुठून आला ते) ओढताना नावं नीट वाचा. युजरचा पहिला सोर्स, सेशनचा (साइटवरच्या एका भेटीचा) सोर्स आणि नुसता सोर्स या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका चार्टमध्ये एक आणि शेजारच्या चार्टमध्ये दुसरा घेतला की एकाच पानावर दोन उत्तरं दिसतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

क्लिक आणि सेशन यांची तुलना करणारे चार्ट मी फार पाहतो. मेटाच्या एकूण क्लिकमध्ये लाइक, कमेंट, प्रोफाइलवरचं टॅप असं सगळं येतं. सेशनशी तुलना करायची असेल तर लँडिंग पेज व्ह्यूशी (क्लिकनंतर पान खरंच उघडलं अशा भेटींशी) करा.

सपाट रेषेवर उपाय एकच, व्याख्या लिहून ठेवणं. त्याबद्दल पुढे.

रोज वरखाली, महिन्याची बेरीज मात्र जवळ

हा आकार दिसला की आधी टाइम झोन बघा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ यात वाया जातो, कारण महिन्याचा अहवाल ठीक येतो आणि रोजचा आलेख वेड्यासारखा उड्या मारतो.

मेटाचं जाहिरात खातं उघडताना समोर आलेला पर्याय तसाच ठेवला आणि खातं अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर राहिलं, असं समजा. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत असं चालतं, आणि उरलेल्या महिन्यांत आपल्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो. म्हणजे मे महिन्यात मेटाचा रविवार आपल्या रविवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो आणि सोमवारी दुपारी साडेबाराला संपतो. आपल्याकडे ऑर्डर रात्री जेवणं झाल्यावर, नऊ ते अकराच्या सुमारास जास्त येत असतील, तर त्या तरी मेटाच्या त्याच तारखेत पडतात. पण सकाळच्या सगळ्या ऑर्डर आणि सकाळचा सगळा खर्च आदल्या दिवसाच्या नावावर जातो.

आता सोमवारी सकाळी दहाची मीटिंग डोळ्यांसमोर आणा. त्या वेळी तिथे रविवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेत. मेटाचा रविवार अजून संपलेलाच नाही. डॅशबोर्डवर 'काल' असं लिहिलंय, गूगल ॲड्सचा काल पुरा झालाय, मेटाचा अडीच तास बाकी आहे, आणि आपण दोघांची तुलना करून कुणाचं बजेट कापायचं ते ठरवतो आहोत.

तासातासाचे आकडे काढून ते सरकवायचा प्रयत्न काही जण करतात. पण साडेबारा तासांचा फरक तासाच्या ठोकळ्यांत बसत नाही, अर्धा तास कुठेतरी लोंबकळतोच. खात्याचा टाइम झोन बदलायचा तर मेटा जुनं खातं बंद करून नवं उघडायला लावतं. हंगाम ऐन भरात असताना ते करू नका, जाहिरात कोणाला दाखवायची हे शिकलेली मोहीम हातची जाईल. तोवर डॅशबोर्डवर दर दिवसाचा रोआस (जाहिरातीच्या दर रुपयामागे झालेली विक्री) दाखवणं बंद करा आणि सात दिवसांची सरकती बेरीज दाखवा. तेवढ्याने उड्या थांबतात.

जीए४चा टाइम झोन सेटिंगमधून बदलता येतो, पण तो बदललेल्या क्षणापासून पुढेच लागू होतो आणि त्या एका दिवशी आलेखात खड्डा किंवा टेकडी दिसते. तारीख नोंदवून ठेवा. बिगक्वेरीत (गूगलच्या डेटा साठवायच्या सेवेत) जीए४चा डेटा घेत असाल तर तिथे आणखी एक सापळा आहे. तारखेचा रकाना प्रॉपर्टीच्या (तुमच्या साइटच्या जीए४ खात्याच्या) टाइम झोनमध्ये असतो आणि घटनेचा टाइमस्टॅम्प यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. टाइमस्टॅम्पवरून थेट तारीख काढली की मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या ऑर्डर आदल्या दिवशी जातात. तारीख काढताना आशिया कोलकाता हा झोन स्पष्ट लिहा.

टाइम झोन सगळीकडे भारताचा असूनही रेषा हलत असेल, तर प्रश्न कोणत्या तारखेला मोजलं याचा आहे. गूगल ॲड्स कन्व्हर्जन क्लिकच्या तारखेला लावतं. १ तारखेला क्लिक झालं आणि ९ तारखेला खरेदी झाली, तर गूगल ॲड्समध्ये ती १ तारखेला दिसते, ऑर्डर बुकात आणि जीए४मध्ये ९ला. मेटाही खरेदी जाहिरातीच्या तारखेकडे ओढतो. गूगल ॲड्समध्ये कन्व्हर्जनच्या वेळेनुसार असा वेगळा रकाना मिळतो. ऑर्डर बुकाशी पडताळा घ्यायचा तर तोच घ्या.

फक्त शेवटचे तीन-चार दिवस खाली

इथे बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं, आकडे अजून वाटेत असतात. जीए४ला आकडे पक्के व्हायला २४ ते ४८ तास लागतात. त्याशिवाय लुकर स्टुडिओ जीए४ आणि बिगक्वेरीचा डेटा बारा तासांपर्यंत जुना दाखवू शकतो, गूगल शीटचा पंधरा मिनिटांपर्यंत. एकाच पानावर तीन वेगवेगळ्या वयांचे आकडे शेजारी बसलेले असतात. रिफ्रेशचं बटण दाबून साठवलेली प्रत ताजी होते, पण जीए४नेच अजून मोजलं नसेल तर दाबून उपयोग नाही.

मी डॅशबोर्डची मूळ तारीख आजपासून तीन दिवस आधी संपवतो. खर्चाला वेगळा चार्ट देतो, तो कालपर्यंत चालतो, कारण खर्च रोज पाहावा लागतो.

याचा एक त्रासदायक भाऊ आहे. गूगल ॲड्समध्ये क्लिकनंतर कन्व्हर्जन धरण्याची मुदत सहसा ३० दिवस असते, म्हणून मागच्या महिन्याचा आकडा या महिन्यातही वाढत राहतो. मीटिंगमध्ये दाखवलेला रोआस २.८ होता, तीन आठवड्यांनी तोच महिना ३.४ दाखवतो, आणि साहेब विचारतात की आकडे कोणी बदलले. कोणीच बदललेले नसतात. दर सोमवारच्या आकड्यांची एक प्रत शीटमध्ये तारखेसकट गोठवून ठेवा. पुढे हीच प्रत फार कामाला येते, कारण आकडा किती दिवसांत किती पिकतो ते तिच्यावरून कळतं.

हापूसच्या पेट्या विकणाऱ्याचा धंदा याला अपवाद म्हणून वेगळा धरावा. त्याचा खरा हंगाम एप्रिल-मेचा. ३० दिवसांची मुदत ठेवली तर आकडा पिकेपर्यंत अर्धा हंगाम उलटलेला असतो. अशा धंद्यात मुदत ७ दिवसांवर आणावी. श्रेय थोडं कमी मोजलं जाईल, पण निर्णय वेळेत घेता येईल.

एका तारखेला पायरी पडली

१४ तारखेपर्यंत गुणोत्तर ०.८५ होतं, १५पासून ०.५५ झालं आणि तिथेच थांबलं. हा खरा बिघाड आहे, आणि शोधायला सगळ्यात सोपाही, कारण तारीख हातात आहे. त्या दिवशी काय बदललं ते विचारत सुटा. वेबसाइटची थीम बदलली का? नवा पेमेंट गेटवे आला का? टॅग मॅनेजरमध्ये (साइटवरचे मोजणीचे कोड सांभाळणाऱ्या साधनात) कोणी नवी आवृत्ती प्रसिद्ध केली का? तिथे आवृत्त्यांचा इतिहास तारखेसकट असतो, आधी तोच उघडा.

मग स्वतःच्या फोनवरून तपासा. जाहिरातीच्या लिंकला युटीएम (माणूस कुठल्या जाहिरातीतून आला ते सांगणारी लिंकची शेपटी) जोडा, ब्राउझरमध्ये टाका आणि पान पूर्ण उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीकडे बघा. प्रश्नचिन्हापुढची शेपटी तिथे आहे का? साइट जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवताना ती वाटेत गळून पडते, असं फार वेळा होतं. शेपटी गेली की गूगलचा क्लिक आयडीही जातो, आणि पैसे देऊन आणलेली माणसं थेट आल्यासारखी दिसू लागतात. एकूण खरेदी तेवढीच राहते, फक्त वाटणी बदलते. त्यामुळे एकूण आकडा बघणाऱ्याला हे कळतच नाही.

वाटणी बिघडण्याची आणखी दोन कारणं वारंवार सापडतात. पेमेंट गेटवेचं डोमेन जीए४मध्ये रेफरल (दुसऱ्या साइटवरून आलेली भेट) म्हणून दिसतं आणि खरेदीचं श्रेय खाऊन टाकतं. डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये नको असलेल्या रेफरलची यादी असते, त्यात ते डोमेन घाला. दुसरं कारण युटीएम लिहिणाऱ्यांचे हात. जीए४ लहान-मोठी लिपी वेगळी धरतं, म्हणून फेसबुक हे नाव इंग्रजीत एकदा मोठ्या आणि एकदा लहान आद्याक्षराने लिहिलं की दोन ओळी तयार होतात. युटीएममध्ये मिडियमच्या (कुठल्या प्रकारच्या मार्गाने आला त्याच्या) जागी सीपीसी किंवा पेडने सुरू होणारा शब्द हवा. कोणी तिथे स्पॉन्सर्ड लिहिलं आणि सोर्स फेसबुक असेल, तर जीए४ ती भेट ऑरगॅनिक सोशलमध्ये टाकतं. पैसे जाहिरातीत गेले आणि कौतुक फुकटच्या पोस्टचं झालं. सोर्सही मनाने रचलेला असेल तर ती भेट अनअसाइन्डमध्ये, म्हणजे कुठल्याच गटात न बसलेल्यांत, जाते. युटीएम हाताने लिहायचंच नाही, शीटमध्ये ठरलेल्या यादीतून निवडून लिंक तयार होईल अशी सोय करा.

मेटासाठी लिंकच्या शेपटीत दुहेरी महिरपी कंसात कॅम्पेनचा आयडी आपोआप भरायची सोय आहे. नावाचीही आहे, पण नाव जाहिरात पहिल्यांदा प्रसिद्ध करताना जे होतं तेच राहतं. नंतर ॲड्स मॅनेजरमध्ये नाव बदललं की खर्च नव्या नावाखाली आणि सेशन जुन्या नावाखाली पडतात, आणि डॅशबोर्डवर एकाच मोहिमेच्या दोन अर्धवट ओळी दिसतात. म्हणून जोडणी नेहमी आयडीवर करायची.

नेमकी दुप्पट, तिप्पट, चौपट

आकडा अगदी स्वच्छ पटीत वाढला असेल तर तो लोकांनी केलेला नाही, जोडणीने केलेला आहे. लुकर स्टुडिओमधला ब्लेंड, म्हणजे दोन टेबलं जोडायची सोय, उघडा.

एका बाजूला खर्चाचं टेबल आहे, त्यात तारीख आणि कॅम्पेन. दुसऱ्या बाजूला ऑर्डरचं टेबल आहे, त्यात फक्त तारीख. दोघांना तारखेवर जोडलं. ५ तारखेला चार मोहिमा चालू होत्या आणि ऑर्डर २५ आल्या. जोडणीत खर्चाच्या चारही ओळींपुढे २५ येऊन बसतात. चार्टने बेरीज केली, झाल्या १००. ६ तारखेला तीन मोहिमा चालल्या आणि ऑर्डर २० आल्या, तर दिसणार ६०. म्हणजे रोजची पट रोज चालणाऱ्या मोहिमांच्या संख्येइतकी येते. गुणोत्तराची रेषा ४, ३, ४, ५ अशा पूर्णांकांवर उभी दिसली की समजायचं, इथेच आहे.

उपाय म्हणून बेरजेऐवजी सरासरी किंवा कमाल घ्यायचा सल्ला मिळतो. तो घेऊ नका, आज एका चार्टमध्ये आकडा बरोबर येईल आणि उद्या फिल्टर लावलं की पुन्हा चुकेल. ऑर्डर मोहिमेनुसार मिळत असतील तर दोन्ही बाजूंना कॅम्पेन आयडी घ्या आणि दोन्हीवर जोडा. मिळत नसतील तर खर्चाच्या टेबलमधून कॅम्पेन काढून टाका आणि दिवसाला एकच ओळ ठेवा.

उलटा प्रकारही होतो. ब्लेंड सहसा डाव्या टेबलला धरून चालतो. डावीकडे खर्च असेल आणि एखाद्या रविवारी जाहिराती बंद असतील, तर त्या दिवशीच्या ऑर्डर चार्टमधून नाहीशा होतात. फुल आउटर जोडणी (दोन्ही टेबलांतल्या सगळ्या ओळी ठेवणारी) घ्या, किंवा डावीकडे नुसत्या तारखांचं टेबल ठेवा. आणि रिकाम्या जागेत कुठलाही आकडा मिळवला तरी उत्तर रिकामंच येतं, म्हणून बेरजेआधी रिकाम्याच्या जागी शून्य भरा.

खरं सांगायचं तर मेटा आणि गूगलचा खर्च एकत्र दाखवायला ब्लेंड हे साधनच चुकीचं आहे. ब्लेंड टेबलं शेजारी शेजारी लावतो, आपल्याला ती एकाखाली एक हवी असतात. तारीख, मंच, कॅम्पेन आयडी, इम्प्रेशन, क्लिक, खर्च असे समान रकाने करून शीटमध्ये किंवा बिगक्वेरीत एकाच लांब टेबलात भरा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

पट मंचावरही पडू शकते. मेटाचा पिक्सेल (साइटवर टाकलेला मोजणीचा कोड) ब्राउझरमधून आणि कन्व्हर्जन्स एपीआय सर्व्हरवरून एकच खरेदी कळवतात. दोघांचं घटनेचं नाव आणि इव्हेंट आयडी एकच असेल तर मेटा त्यातली एक गाळतो, नसेल तर दोन्ही मोजतो. जीए४मध्ये हेच काम ट्रान्झॅक्शन आयडी करतो. गिऱ्हाइकाने ईमेलमधून आभाराचं पान पुन्हा उघडलं तरी खरेदी एकदाच मोजली जाते. पण डेव्हलपरने तो आयडी रिकामा पाठवला तर सगळ्या रिकाम्या आयडींच्या खरेद्या एकच समजून गाळल्या जातात, आणि आकडा एकदम कोसळतो. हे पायरीसारखं दिसतं, म्हणून तिथेही आठवणीने बघा.

आलेखात न दिसणाऱ्या चुका

दोन चुका गुणोत्तरात पकडल्या जात नाहीत.

पहिली सरासरीची सरासरी. एका मोहिमेवर ५०,००० रुपये खर्च, १०० ऑर्डर, म्हणजे ऑर्डरमागे ५०० रुपये. दुसरीवर ६,००० रुपये, ४ ऑर्डर, म्हणजे १,५०० रुपये. शीटमध्ये हा दर आधीच काढून ठेवला आणि लुकर स्टुडिओने त्याची सरासरी घेतली, तर एकूण दर १,००० रुपये दिसतो. खरा दर ५६,००० भागिले १०४, म्हणजे सुमारे ५३८ रुपये. जवळजवळ दुप्पट महाग दिसलेल्या या जाहिराती कोणीतरी बंद करून टाकतं. क्लिकचा दर, ऑर्डरमागचा खर्च, रोआस यातलं काहीही तयार रकान्यातून घ्यायचं नाही. डेटा सोर्समध्येच नवं फील्ड करा, वर बेरीज आणि खाली बेरीज असा भागाकार त्यात लिहा. रीच (जाहिरात किती माणसांना दिसली) आणि युजर यांची तर बेरीजच होत नाही. सात दिवसांचे रोजचे आकडे मिळवले की तोच माणूस सात वेळा मोजला जाऊ शकतो.

दुसरी तारखांची. दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाची फाइल अमेरिकी लोकेल (तारखा-आकडे लिहायची त्या देशाची पद्धत) असलेल्या गूगल शीटमध्ये आली की एप्रिलचा पार चुराडा होतो. १ एप्रिल होतो ४ जानेवारी, २ एप्रिल होतो ४ फेब्रुवारी, ४ एप्रिल योगायोगाने जागेवर राहतो, १२ एप्रिल डिसेंबरात जाऊन बसतो. १३पासून पुढच्या तारखा तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत, नुसता मजकूर राहतात आणि चार्टमधून गळतात. शीटच्या सेटिंगमध्ये लोकेल भारत करा, पण आधी आत आलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, फाइल पुन्हा घ्यावी लागते. वर्ष-महिना-दिवस हा क्रम सगळीकडे ठेवला तर हा प्रश्नच येत नाही. रुपयाचं चिन्ह हाताने टाइप केलेले खर्चाचे आकडेही असेच मजकूर होऊन बसतात. आणि बिगक्वेरीत गूगल ॲड्सचा खर्च एकाएकी कोटींत दिसला तर तो मायक्रोमध्ये, म्हणजे रुपयाच्या दहा लाखाव्या भागात, आहे. ५०० रुपये तिथे ५०,००,००,००० असे येतात, दहा लाखांनी भागायचं.

पुन्हा उद्भवू नये म्हणून

डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर, वरच, व्याख्या लिहा. लपलेल्या टिपेत नको, डोळ्यांपुढे हवी. ऑर्डर म्हणजे ऑर्डर बुकातल्या, रद्द झालेल्या सोडून, ऑर्डरच्या तारखेला, भारतीय वेळेनुसार. खर्च म्हणजे जीएसटी सोडून. ॲड्स मॅनेजरमध्ये १,००,००० रुपये दिसतात आणि हिशेबनीसाकडे १,१८,००० जातात, त्याचं भांडण इथेच मिटतं. इनपुट क्रेडिट घेणाऱ्याने कर वगळावा, न घेणाऱ्याने धरावा, पण एकदा ठरवून. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर नोंदलेली विक्री आणि पोचलेली विक्री हे दोन वेगळे रकाने ठेवा. परत आलेली आंब्याची पेटी पुन्हा विकता येत नाही. रोआस पोचलेल्या विक्रीवरच काढा, तो काही दिवस उशिरा आला तरी चालेल.

मंचांचे स्वतःचे आकडे काढून टाकू नका. ते वेगळ्या पानावर ठेवा आणि एकाच मंचातल्या मोहिमांची आपसात तुलना करायला वापरा. मेटाच्या दोन मोहिमांपैकी बरी कोणती, हे मेटाचा आकडा चांगलं सांगतो. मेटा बरा की गूगल, हे त्याला विचारू नये.

तिसरं पान तपासणीचं. त्यावर जीए४ भागिले ऑर्डर बुक ही रेषा, प्रत्येक स्रोतातली शेवटची तारीख आणि खर्च आहे पण सेशन नाहीत अशा कॅम्पेन आयडींची यादी. रेषेचा नेहमीचा पट्टा तुमच्या गेल्या दोन महिन्यांवरून ठरवा. सोमवारी मीटिंगआधी हे पान ज्याच्याकडे असेल त्याचं नाव ठरलेलं असू द्या. डेटा सोर्स कोणाच्या लॉगिनवर चालतो तेही तिथेच लिहा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद झालं की अर्धा डॅशबोर्ड एका रात्रीत रिकामा होतो.

जीए४मधून बिगक्वेरीकडे निर्यात अजून चालू केली नसेल तर ती आजच करा. मागचा डेटा त्यातून मिळत नाही, चालू केल्याच्या दिवसापासूनच जमा होतो. बिगक्वेरीच्या फुकटच्या सँडबॉक्समध्ये टेबलं ६० दिवसांनी पुसली जातात, म्हणून बिलिंग जोडा. साध्या प्रॉपर्टीला दिवसाला दहा लाख घटनांपर्यंतची मर्यादा आहे, लहान दुकानाला ती पुरून उरते. त्याच बैठकीत जीए४मधली डेटा साठवण्याची मुदतही २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या, नाहीतर एक्सप्लोरेशनमध्ये (जीए४मधल्या स्वतः बांधायच्या अहवालांत) या हंगामाची मागच्या हंगामाशी तुलना करता येणार नाही.